अण्णा नाईक: आधी मयत, मग जिवंत, शेवटी भूत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘रात्रीस खेळ चाले’ या कोकणातल्या नाईकांच्या वाड्यावरच्या भयमालिकेची तीन पर्वं झाली. मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, पहिलं पर्व तेवढं खरं, दुसऱ्यात अण्णा-शेवंताचं लफडं झालं आणि तिसऱ्यात काहीच उरलं नाही. दुसरा म्हणतो, दुसरं पर्व नसतं तर मालिका आज कोणाला आठवली नसती. मग मालिका बदलली ती का? लेखकांकडचं संपलं म्हणून, की टीआरपीपायी?

मी रोजच्या मालिकांच्या पटकथा लिहिते. या मालिकेवर मी काम केलेलं नाही, त्यामुळे आतली गोष्ट म्हणून काही सांगणार नाही. पण तिन्ही पर्वं पाहिलीत, आणि अशी मालिका कागदावर कशी उभी राहते ते रोजचंच आहे.

माझं उत्तर दोन्ही तटांना फारसं आवडणार नाही. तीन पर्वांत वाडा तोच, अण्णांची बायको माई तीच, नावं तीच असली तरी प्रेक्षकाला बांधून ठेवणारा प्रश्न तिन्ही वेळा निराळा आहे. २०१६ मध्ये प्रश्न होता, हे कोण करतंय? २०१९ मध्ये, हे इथवर आलं कसं? आणि २०२१ मध्ये, आता पुढे काय? यातल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तिसऱ्याला तळच नाही. पर्वांचे गुणदोष बरेचसे इथेच ठरले. लेखकाची अक्कल आणि टीआरपी त्यानंतर.

पहिलं पर्व फेब्रुवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१६, झी मराठीवर रात्री साडेदहाला. सुरुवातीलाच घरचे कर्ते अण्णा नाईक जातात. घरात सुतक आणि पांगलेली भावंडं एकत्र. गावी राहून सगळं ओढणारा दत्ता, मुंबईहून बायकोमुलासह आलेला माधव, लग्न तोंडावर आलेला अभिराम, पाठोपाठ दाराशी येणारी सुषमा, वकील, मृत्युपत्र, वाटण्या. भुताचं नाव काढायच्या आधीच या घरात भीती आहे. मयताच्या घरी भावाभावांत जमिनीची कुजबुज सुरू होते, ती ज्यांनी ऐकलीय त्यांना भूत वेगळं दाखवावं लागत नाही. रात्री काहीतरी घडायचं आणि सकाळी त्याचा उलगडा माणसाने केलेली करणी असाही व्हायचा आणि बाहेरचं काहीतरी असाही. लिहिणाऱ्यांनी दोन्ही दारं उघडी ठेवली होती. वर मालवणीतल्या गजाली, घरगडी पांडूचा विसराळूपणा, दत्ताच्या बायकोची, सरिताची चिडचिड. भीती आणि हसू एकाच अंगणात ठेवायचं हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड काम आहे.

अडचण सुरू होते ती हिशेबात. आठवड्याला सहा भाग, अर्ध्या तासाच्या खिडकीत जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं. म्हणजे आठवड्याला दोन तासांहून जास्त मजकूर. आठ महिन्यांत दोनशेच्या आसपास भाग. खुनाची गोष्ट दोनशे भाग चालवायची तर घरातल्या प्रत्येकावर संशय यावा लागतो, एकदा नाही, दोन-तीनदा. प्रत्येक ब्रेकच्या आधी कोणीतरी दचकायला हवं, भागाच्या शेवटी दार करकरायला हवं. चार-सहा भागांच्या छोट्या रहस्यकथेत दिलेला प्रत्येक धागा शेवटी जुळवता येतो. दोनशे भागांत जून महिन्यातली कंदील घेतलेली सावली कोणाची होती, ते सप्टेंबरपर्यंत लिहिणाऱ्याच्याही वहीत सापडायला हवं. नेहमी सापडतं असं नाही. म्हणून पहिल्या पर्वाचा शेवट अनेकांना पटला नाही, तेव्हा मला नवल वाटलं नाही. गुन्हेगार कोण ठरला याचा राग थोडा होता. त्याहून मोठा राग होता तो इतक्या रात्री जागून जमवलेल्या खुणांचं पुढे काय झालं याचा. आज पहिल्या पर्वाची तारीफ करणाऱ्यांनी त्या ऑक्टोबरात आपण काय बोललो होतो, ते एकदा आठवून पाहावं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मालिका सुरू झाल्याबरोबर सिंधुदुर्गातून आक्षेप आले होते, कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख असं चित्र रंगवलं जातंय म्हणून. असा आक्षेप आला की चॅनलच्या बैठकीत लेखकाला पहिली सूचना मिळते, ‘जरा सांभाळून.’ सांभाळून लिहिताना अतिमानवी बाजू आपोआप मागे सरते आणि पोलीस तपास पुढे येतो. या मालिकेत नेमकं तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण अशा विषयावर लिहिणाऱ्याच्या खांद्यावर ते ओझं असतंच. गंमत म्हणजे पुढे सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तोच वाडा बघायला पर्यटकांच्या गाड्या थांबू लागल्या.

आता दुसरं पर्व. जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२०. मालिका मागे गेली. ज्या माणसाच्या मरणाने पहिलं पर्व सुरू झालं, तो जिवंत, रुबाबात, पानाचं तोंड घेऊन पुढे उभा. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता.

मागे जायच्या या निर्णयाला काही जण ‘पळवाट’ म्हणतात. माझ्या मते तीन पर्वांतला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. अण्णा मरणार हे ठरलेलं. वाड्यावर अवकळा येणार हे ठरलेलं. सुषमा ही शेवंताची लेक, तेव्हा ते प्रकरण कुठे जाणार तेही ठरलेलं. लेखकाच्या डोक्यावरून ‘शेवट काय करू?’ हे भूत उतरलं. रोजच्या मालिकेत हे सुख जवळजवळ कधीच मिळत नाही. आम्ही बहुतेक वेळा शेवट न ठरवता लिहीत असतो, कारण मालिका शंभराव्या भागाला बंद होणार की हजाराव्या, हे आम्हाला कोणी सांगत नाही. इथे टोक बांधलेलं होतं. मग लिहायचं उरलं ते एवढंच की माणूस सडत कसा जातो. जमिनीचा हव्यास, बाईचा हव्यास, गावावरचा वचक आणि एक पाप झाकायला दुसरं. प्रेक्षक ‘कोण’ विचारायचं सोडून ‘अरे, आता तरी थांब’ म्हणू लागला. दोन्हींत फरक आहे. पहिल्यात तुम्ही पोलिसाच्या नजरेने बघता, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या.

‘लफडं’ म्हणून या पर्वाची बोळवण करणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. अण्णा-शेवंताचे प्रसंग गाजले, त्यांची गाणी झाली, नकला झाल्या, हे खरं. पण त्या प्रसंगांत जोर आला तो स्वयंपाकघरातल्या बाईमुळे. माई. शकुंतला नरे तिन्ही पर्वांत माई आहेत, आणि मला विचाराल तर ही मालिका माईची आहे. पहिल्या पर्वात ती नवऱ्याच्या मागे रडणारी विधवा. तेव्हा आपण ते रडणं जसं दिसलं तसं घेतलं. दुसरं पर्व पाहून झाल्यावर पहिल्याचे सुरुवातीचे भाग पुन्हा लावा. ती बाई कोणासाठी रडतेय, काय काय माहीत असून गप्प बसलीय, मुलांपुढे नवऱ्याचं नाव कसं सांभाळतेय, ते नव्याने दिसतं. नंतर लिहिलेल्या प्रसंगांनी आधीच्या चेहऱ्यात अर्थ भरला. हे पहिल्या वेळी कोणी ठरवलेलं असणं कठीण आहे, पण झालंय खरं. मालिका बदलली म्हणताना ती मागच्या बाजूनेही बदलली, हे दोन्ही तटांच्या वादात कुठे येत नाही.

दुसऱ्या पर्वाचे दोष नाहीत का? आहेत, आणि त्यातला मोठा दोष लोकप्रियतेतून आला. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने हजारो घरांत मीटर बसवलेत, त्यावरून आठवड्याचा कौल लागतो, आणि भागागणिक आलेख चॅनलच्या टेबलावर पडतो. कुठल्या प्रसंगाला रेघ वर गेली ते दिसतं. शेवंता आली की रेघ वर जात असेल, तर पुढच्या आठवड्याच्या वन-लाइनमध्ये, म्हणजे प्रसंगांच्या आराखड्यात, शेवंता वाढते. हे कोणी कटकारस्थान करून करत नाही. बैठकीत सात माणसं असतात, समोर कागद असतो आणि तो खोटं बोलत नाही. फक्त तो गेल्या आठवड्याबद्दल बोलतो, आणि आपण लिहीत असतो पुढच्या महिन्याबद्दल. शेवट ठरलेला होता, पण तिथे पोचायची तारीख ठरलेली नव्हती. मग शेवंताच्या नवऱ्याचं, पाटणकरांचं, वच्छीच्या वैराचं असे ट्रॅक, म्हणजे उपकथानकं, वाढत गेले. काही छान रंगले. काही ठिकाणी, विशेषतः मधल्या टप्प्यात, गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी आहे हे जाणवतं.

त्यात मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. शूटिंग थांबलं, जुलैत नवे भाग सुरू झाले आणि ऑगस्टअखेर पर्व संपलं. ज्यांना शेवट घाईचा वाटला, त्यांनी हे जमेला धरावं. साथीच्या काळात गर्दीचे प्रसंग, वयस्क कलाकार, जवळिकीचे प्रसंग या सगळ्यांवर बंधनं होती. कागदावर दहा माणसांचा प्रसंग असला तरी सेटवर तो चार माणसांचा व्हायचा. त्या दिवसांत प्रत्येक मालिकेची पात्रं अचानक ‘गावाला’ गेलेली असायची.

विसंगतींची यादी करणारे चाहतेही आहेत. पहिल्या पर्वात अमुक सांगितलं होतं, दुसऱ्यात वेगळंच दाखवलं, नाती जुळत नाहीत, वयं जुळत नाहीत वगैरे. यादी बरोबर असेल, पण कारण साधं आहे. पहिल्या पर्वात अण्णांचा भूतकाळ संवादांत येतो तो गूढ वाढवायला. कोणीतरी काहीतरी अर्धवट बोलतं आणि निघून जातं. असं वाक्य लिहिताना लेखकाच्या मनात ‘हे तीन वर्षांनी मला शूट करून दाखवावं लागणार आहे’ असं नसतं. मग मागे जाऊन ते फेडायची वेळ आली की दोनच मार्ग. जुन्या वाक्याला चिकटून राहायचं आणि नव्या गोष्टीचे हात बांधून घ्यायचे, किंवा गोष्टीला मोकळं सोडून जुनं वाक्य विसरायचं. इथे पुष्कळदा दुसरा मार्ग घेतला गेला. मीही तोच घेतला असता.

मालवणीबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्याकडच्या एका गटाने ‘भाषा पातळ होत गेली’ अशी तक्रार केली आहे. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, त्यामुळे बोलीचा कान या मालिकेला पहिल्यापासून होता. पण ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’, ‘कित्याक’ नागपुरात कळतं, ते मागच्यापुढच्या वाक्यावरून. ‘आवस’, ‘बापूस’ही चालून जातं. त्यापलीकडे शब्दसंग्रह अस्सल ठेवला तर नाशिकचा प्रेक्षक रिमोट उचलतो. म्हणून क्रियापदं आणि हेल मालवणी, नामं बरीचशी सर्वांची, असा मालिकांतल्या बोलीचा एक ठरीव घाट आहे. पहिल्या पर्वात मुंबईकर मंडळींच्या प्रमाण मराठीशी ती बोली सतत घासत होती, म्हणून ती जास्त ठसठशीत ऐकू आली. दुसऱ्यात जवळजवळ सगळेच तशी बोलतात, तेव्हा कान सरावतो. पातळ झाली त्यापेक्षा ती वेगळेपणाने ऐकू यायची थांबली, असं मी म्हणेन. सावंतवाडीकर ‘ही आमची मालवणी न्हय’ म्हणतात ते मात्र त्यांचं खरं आहे.

तिसरं पर्व मार्च २०२१ मध्ये सुरू झालं. साडेदहाची वेळ तोवर ‘देवमाणूस’कडे गेली होती, त्यामुळे याला रात्रीचे अकरा मिळाले. अकरा म्हणजे सकाळी सातची लोकल धरणारा प्रेक्षक गेला. त्यातच एप्रिलमध्ये राज्यात शूटिंगवर बंदी आली. मुंबईतल्या कितीतरी मालिका बाडबिस्तारा उचलून गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादला गेल्या. त्यांचे सेट हॉलमध्ये असतात, हॉल कुठलाही चालतो. या मालिकेला तसं जमण्यासारखं नव्हतं. तो वाडा हेच तिचं भांडवल, आणि वाडा उचलून नेता येत नाही. मालिका थांबली ती ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. रोज बघण्याची सवय तीन महिने मोडली की ती परत लावणं फार कठीण. पुढे शेवंताही बदलली. कृतिका तुळसकर त्या भूमिकेत आल्या. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, पण ज्या चेहऱ्यावर एक अख्खं पर्व उभं होतं तो बदलल्यावर प्रेक्षक आधी तुलना करतो आणि मग जमलं तर घाबरतो.

हे सगळं सुरळीत झालं असतं, तरी मला वाटतं मूळ दुखणं राहिलंच असतं. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भूत होऊन उघड वावरतात. पहिल्या पर्वात आपण घाबरत होतो ते न दिसणाऱ्याला. ‘असेल का, नसेल का’ यातच सगळी गंमत होती. आता तर दिसतंय. आणि जे दिसतंय त्या दोघांशी दीड वर्ष रोज रात्री आपली बैठक झालेली. त्यांच्या लकबी पाठ, त्यांच्यावरचे विनोद तोंडपाठ. ओळखीच्या माणसाचं भूत आलं तर आपण ‘बस, चहा घेतोस?’ म्हणतो. दुसऱ्या पर्वाने अण्णांना इतकं माणूस केलं की तिसऱ्याला त्यांचं भूत करता येईना. म्हणजे तिसरं पर्व पडलं त्यात दुसऱ्याच्या यशाचा वाटा आहे, अपयशाचा नाही. हे दुसऱ्या तटाने ऐकावं.

शिवाय ‘पुढे काय?’ या प्रश्नाला बांधायला खुंटी नाही. गुन्हेगार शोधायचा नाही, ठरलेल्या मरणापर्यंत पोचायचं नाही. भुताला मारता येत नाही आणि भुताने सगळ्यांना मारलं तर मालिका संपते. मग उरतात घटना: आज याला दिसलं, उद्या तिला झपाटलं. सुटी सुटी दृश्यं चांगली आहेत. पडका वाडा, रातकिड्यांचा आवाज, पावसात काळवंडलेला चौथरा, हे सगळं दिग्दर्शक राजू सावंत आणि त्यांच्या चमूला नेहमीच छान जमलं. पण दृश्यातून पुढच्या दृश्याकडे जायची ओढ लागत नाही. २०२२ मध्ये पर्व संपलं तेव्हा शेवटावर पहिल्यासारखं भांडणही झालं नाही. प्रेक्षक भांडत नाहीत हे चॅनलला कमी टीआरपीपेक्षा वाईट लक्षण वाटायला हवं.

कुणीतरी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं उदाहरण दिलं आहे की बघा, तिथेही शेवटी असंच झालं. नाही, तिथे उलट झालं. त्यांच्यापुढची कादंबऱ्यांची वाट संपली आणि शेवटचे दोन सीझन सात आणि सहा भागांत उरकले. गोष्ट जास्त, वेळ कमी. आपल्याकडे गोष्ट कमी आणि भरायचे दिवस जास्त. परदेशी सीझन म्हणजे आधी बराचसा लिहून झालेला मजकूर असतो. आमच्याकडे सोमवारी दिसणाऱ्या भागाचे संवाद कधीकधी आदल्या बुधवारी सेटवर पोचतात. दोन्हींना ‘सीझन’ म्हणून एका तागडीत घातलं की चर्चा भरकटते.

‘टीआरपीपायी वाट लागली’ या वाक्याबद्दल एवढंच: मराठीत टीआरपी मिळालेल्या मालिकेची दुर्दशा होण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ती बंदच न करणं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ च्या ऑगस्टपासून २०२१ च्या मार्चपर्यंत सलग चालली. तिथे चाहते ‘कुठपर्यंत बरी होती’ यावर भांडतात, कारण सांधाच नाही. ‘रात्रीस खेळ चाले’च्या बाबतीत निदान तीन वेळा थांबण्याचं धाडस झालं. थांबून मागे जाण्याची युक्ती इतरांनीही उचलली. ‘देवमाणूस’चं २०२५ मधलं तिसरं पर्व ‘मधला अध्याय’ या नावानेच आलं. गोष्ट पुढे रेटण्यापेक्षा मधे किंवा मागे जागा शोधावी, हे लिहिणाऱ्यांना कळलंय.

शेवटचा प्रश्न, ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी काय क्रमाने पाहावं? काळाच्या क्रमाने, म्हणजे दुसरं आधी, असं बरेच जण सुचवतात. तसं करू नका. अण्णा कोण होते हे आधीच कळलं तर पहिल्या पर्वातल्या सगळ्या बंद खोल्या उघड्या पडतात. पहिलं आधी बघा, शेवट नाही पटला तरी चालेल. मग दुसरं, मधले ट्रॅक पळवत. मग पहिल्याचे सुरुवातीचे आठ-दहा भाग पुन्हा, फक्त माईवर नजर ठेवून. तिसरं बघायचंच असेल तर सुरुवातीचा महिना पाहा, वाड्याची अवस्था बघायला. तिथे कंटाळा आला तर सोडून द्या. पुढे काही उलगडा राहून जाईल अशी धास्ती बाळगू नका.